नाशिकच्या वायनऱ्या बघायला येताय? आधी बागेचं कॅलेंडर बघा

प्रश्न असा आहे की फेब्रुवारीत दोन दिवस काढून पुण्याहून गाडीनं नाशिकच्या वायनऱ्या बघायला यायचंय, सोबत आई-बाबा आहेत आणि ते पीत नाहीत, तर येण्यात काही अर्थ आहे का, कुठं जायचं, का सगळा नुसता फोटोपुरता मामला आहे. मी दिंडोरी तालुक्यातला बागायतदार, खायची द्राक्षं पण आहेत आणि वाईनची पण, वाईनचा माल करारावर वायनरीला जातो आणि सीझनमध्ये पाहुण्यांना बागेत फिरवायचं काम हमखास माझ्याच गळ्यात पडतं. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

अर्थ आहे. फक्त बाटलीसाठी येऊ नका, बागेसाठी या. बाटली तुम्हाला पुण्यात घराजवळच्या दुकानात मिळते, आणि खरं सांगायचं तर त्याच भावात मिळते. जे पुण्यात मिळत नाही ते म्हणजे वेलीवरचा पिकलेला घड, पहाटेची तोडणी, क्रशरमधून येणारा आंबटगोड वास आणि आंबायला लागलेल्या टाकीशेजारी उभं राहिल्यावर नाकात जाणारा गॅस. हे सगळं वर्षातले दोन-तीन महिनेच असतं, त्यामुळं कुठं जायचं याच्या आधी कधी जायचं ते ठरवा.

आपल्याकडं द्राक्षाचं वर्ष युरोपसारखं चालत नाही. तिकडं थंडीत बर्फ पडतो, पानं गळतात, वेल झोपतो, वसंतात फुटतो आणि ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. नाशिकला तेवढी थंडीच नाही त्यामुळं वेल कधी झोपतच नाही, त्याला आपणच कात्री लावून सांगावं लागतं की आता काय करायचं. म्हणून आपण वर्षातून दोनदा छाटणी करतो. एप्रिलमधली खरड छाटणी, ज्याच्यात जुनी काडी सगळी काढून वेल ओलांड्यापर्यंत, म्हणजे तारेवरच्या जाड आडव्या फांदीपर्यंत, बोडका करतो आणि मग उन्हाळ्यात जी नवी काडी येते तिच्या डोळ्यात पुढच्या सीझनचा घड तयार होतो, बाहेरून काहीच दिसत नाही पण माल किती येणार ते तेव्हाच ठरलेलं असतं. आणि दुसरी गोडी छाटणी, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये, हिला सगळे ऑक्टोबर छाटणीच म्हणतात, तिच्यानंतर फुटवा, फुलोरा, मणी आणि जानेवारी ते मार्च तोडणी.

आता हे एवढं का सांगतोय, तर दरवर्षी दिवाळीच्या सुट्टीत लोक येतात, फ्रान्सच्या बागांचे फोटो बघून आलेले असतात, आणि बागेत बघतात तर काय, काड्यांना नुकते कोंब आलेत, खाली चिखल, आणि ट्रॅक्टरवर ब्लोअर लावून डाऊनी नावाच्या बुरशीवर फवारणी चाललीय. एप्रिलमध्ये छाटणीनंतर लगेच आलात तर नुसते खांब, तारा आणि बोडके वेल. पावसाळ्यात सगळं हिरवंगार असतं, इगतपुरी बाजूला तर धबधबेच धबधबे, जागा सुंदरच, पण वेलीवर द्राक्ष एक नाही. त्यामुळं तुमचा फेब्रुवारी अगदी बरोबर. साधारण हिशोब असा, स्पार्कलिंगसाठीचा, म्हणजे बुडबुड्यांच्या वाईनचा, माल सगळ्यात आधी तुटतो कारण त्याला आंबटपणा जास्त आणि साखर कमी लागते, मग शेनिन ब्लाँ आणि सोव्हिन्यो ब्लाँ हे पांढरे, आणि शिराज, काबर्ने वगैरे लाल वाण फेब्रुवारी संपता संपता ते मार्चमध्ये. म्हणजे फेब्रुवारीच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आलात तर पांढऱ्याचं क्रशिंग आणि लालचा पिकायला आलेला घड, दोन्ही बघायला मिळायची शक्यता असते. अवकाळी झाला तर दहा-पंधरा दिवस मागं-पुढं होतं, येण्याआधी वायनरीला फोन करून हार्वेस्टिंग चालू आहे का एवढं विचारा.

आणि शनिवार-रविवार टाळा. शक्य नसेल तर निदान सकाळची पहिली टूर घ्या. शनिवारी दुपारनंतर गंगापूर रोडला नुसत्या गाड्यांची रांग, टेस्टिंग काउंटरला तीन लायनी, आणि टूर देणारा पोरगा सकाळपासून तेच तेच बोलून थकलेला. मंगळवारी-बुधवारी तोच पोरगा तुम्हाला टाकीच्या नळातून अर्धवट आंबलेला रस काढून चाखायला देईल.

जागांचं बोलायचं तर नाशिक व्हॅली हे नाव जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनात आहे म्हणून सगळं एकाच ठिकाणी असेल असं वाटतं, पण तसं नाहीये. पश्चिमेला सह्याद्री, त्यातून गोदावरी, दारणा, कादवा पूर्वेला उतरतात आणि ह्या खोऱ्यांमध्ये बागा विखुरल्यात. पावसाचा फरक बघा, इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि निफाडकडं जाता जाता तो पाचशे-सहाशेवर येतो, अंतर फार तर दोन तासांचं. माती पण बदलत जाते, घाटाकडं लालसर, मुरमाड, आणि खाली निफाडकडं काळी कसदार. वाईनच्या वेलीला फार कसदार जमीन मानवत नाही, नुसता पाला वाढतो, म्हणून वाईनच्या बागा उतारावर, मुरमाड रानात जास्त दिसतील.

गंगापूर धरणाची बाजू सगळ्यात जास्त गजबजलेली. सुला ही मोठी वायनरी इथंच. राजीव सामंत अमेरिकेतून परत आले आणि घरच्या जमिनीवर १९९० च्या दशकाच्या शेवटी शेनिन आणि सोव्हिन्यो लावले, २००० साली पहिली वाईन बाजारात आली, २००५ मध्ये टेस्टिंग रूम उघडली. आज जे गंगापूर रोडचं पर्यटन दिसतंय ते त्या टेस्टिंग रूमपासून सुरू झालंय, हे मान्यच करावं लागेल. गर्दी आहे, थोडं जत्रेसारखं झालंय, पण पहिल्यांदा येणाऱ्यानं तिथली टूर करावी, कारण मोठ्या प्रमाणावर काम कसं चालतं ते तिथं नीट दिसतं. जवळच यॉर्क आहे, २०२१ मध्ये ती पण सुलानं घेतली, छोटी आहे, गच्चीवरून धरणाचं पाणी दिसतं, आई-बाबांना संध्याकाळी तिथं बसायला आवडेल. पलीकडं गंगावऱ्हेला सोमा.

दुसरी बाजू इगतपुरीची, कावनई-सांजेगावकडं, तिथं व्हॅलोने आणि ग्रोव्हर झाम्पा. माझं वैयक्तिक मत, दोनच ठिकाणी वेळ असेल तर एक मोठी गंगापूरची आणि एक ह्या बाजूची निवडा, दोन मोठ्या बघून काही वेगळं कळत नाही. छोट्या वायनरीत वाईनमेकर स्वतः भेटायची शक्यता जास्त असते. फक्त पुण्याहून येताना हे वाटेत पडत नाही, नाशिकमधून उलटं तासभर मुंबईच्या दिशेनं जावं लागतं. मुंबईकरांना मात्र हे येता-जाताच होतं, आता समृद्धी २०२५ पासून थेट सुरू झाल्यानं तर कसाऱ्याचा घाट पण टळतो.

दिंडोरी माझी, त्यामुळं फार कौतुक करत नाही. फ्रान्सच्या कंपनीची शाँदोन इथं आहे, मुख्यतः स्पार्कलिंग, पण तिथं आधी विचारल्याशिवाय जाऊ नका. बाकी आमच्याकडं बघायला बागा आणि रामशेज किल्ला.

तुम्ही पुण्याहून येताय तर वाटेत नारायणगाव लागेल. महाराष्ट्रातल्या आजच्या वाईन धंद्याची सुरुवात नाशिकला नाही, तिथं झाली. शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकात फ्रेंच तंत्र आणून तिथं स्पार्कलिंग वाईन काढली, ओमर खय्याम नावानं ती परदेशात पण गेली. आता ती कंपनी राहिली नाही. मिसळ खाऊन पुढं निघताना एवढं आई-बाबांना सांगा.

आता बागेत काय बघायचं. वाईनच्या बागेत शिरण्याआधी एकदा खायच्या द्राक्षाची बाग बघा, आणि आई-बाबांना तर तीच जास्त आवडेल. थॉमसन या बिनबियांच्या वाणाची बाग मांडवावर किंवा वाय अँगलवर, म्हणजे Y आकाराच्या लोखंडी खांबांवर, असते, डोक्यावर पानांचं छत, खाली सावली, आणि घड सगळे एका मापाचे लोंबकळत असतात. ते एक माप आपोआप येत नाही, घड लहान असताना जीए या मणी वाढवणाऱ्या संजीवकात बुडवायचे म्हणजे डिपिंग, मग कात्रीनं मणी विरळ करायचे, थिनिंग, एकेका घडात किती मणी ठेवायचे ते मोजून. एक्सपोर्टचा माल म्हणजे मण्याची साइज मिलिमीटरमध्ये बघितली जाते. शेजारी वाईनची बाग बघा, शिराज किंवा काबर्ने, तर वेल सरळ तारांवर उभा केलेला, घड खाली गुडघ्या-मांडीच्या उंचीवर, छोटा, मणी वाटाण्याएवढे, साल जाड, आत बी. बघून तुम्हाला वाटेल हा माल फेल गेलाय. पण इथं मणी मोठा करायचाच नसतो, कारण लाल वाईनचा रंग आणि तुरटपणा सालीतून येतो, रस तर जवळजवळ पांढराच असतो. मणी जेवढा छोटा तेवढी रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून जीए नाही, डिपिंग नाही, आणि एकरी माल पण मुद्दाम कमी ठेवायचा. खायच्या द्राक्षात दहा टनाच्या पुढं काढणारे शेतकरी आहेत, वाईनला चार-पाच टनावर थांबायला वायनरीच सांगते.

एक वाईनचा मणी तोंडात टाकून बघा, अर्थात विचारून. गोडी जबरदस्त असते, खायचं द्राक्ष सोळा-अठरा ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) तोडतात, लाल वाईनचं बावीस-चोवीसला. हे ऐकून सगळ्यांना आश्चर्य वाटतं, वाईनचं द्राक्ष आंबट असेल अशीच समजूत असते. मग साल चावा, ती जीभ कोरडी करते. बी चावून बघा, तपकिरी आणि कुरकुरीत झाली असेल तर माल पिकला, हिरवी-कडू लागली तर थांबायचं. वाईनमेकर लोक साखर मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर खिशात ठेवतात तरी शेवटी हेच करतात.

खाली खोडाकडं पण लक्ष द्या, जमिनीपासून वीतभर वर एक गाठ दिसेल. ते कलम आहे. खालचा खुंट जंगली वेलाचा, डॉगरिज किंवा दुसरा कुठला, आणि वर पाहिजे तो वाण. युरोपात हे फायलोक्झेरा नावाच्या किडीनं मुळं खाल्ली म्हणून सुरू झालं, आपल्याकडं कारण वेगळं, पाणी कमी आणि जमीन खारवट होत चालली म्हणून. ओळींच्या टोकाला गुलाब लावलेले दिसतील, भुरी नावाची बुरशी आधी गुलाबावर दिसते आणि शेतकरी सावध होतो अशी जुनी पद्धत, आता मात्र ते बहुतेक फोटोसाठीच असतात. पानांवर निळसर-पांढरे डाग दिसले तर ते मोरचूद-चुन्याचं बोर्डो मिश्रण, १८८० च्या दशकात फ्रान्सच्या बोर्डो भागात वाईनच्या बागांत डाऊनीवरच ते वापरात आलं, आणि आज त्याच्याशिवाय नाशिकचा एक बागायतदार पावसाळा काढत नाही. म्हणूनच सांगतो, रस्त्याच्या कडेला गाडी लावून दिसेल त्या बागेत शिरायचं नाही आणि घड तोडायचा नाही. फवारणी कधी झालीय ते तुम्हाला माहीत नसतं, आणि एक्सपोर्टची बाग असेल तर औषधाच्या अंशाची तपासणी, नोंदवह्या, सगळी शिस्त असते. वस्तीवर जाऊन विचारलं तर नाही कोणी म्हणणार नाही, उलट चहा होईल.

तोडणी बघायची असेल तर लवकर उठा. वाईनचा माल पहाटे, काही ठिकाणी रात्री दिवे लावून तोडतात, कारण ऊन चढलं की क्रेटमधल्या क्रेटमध्ये माल तापतो आणि आंबायला लागतो. नऊ-दहानंतर बागेत सामसूम. तोडणाऱ्या बहुतेक बायका, पेठ-सुरगाणा-हरसूलकडून टोळ्या येतात, सीझनभर इथंच राहतात. फोटो काढायचा तर विचारून काढा, त्यांचं काम नगावर किंवा क्रेटवर असतं, तुमच्यासाठी थांबल्या तर नुकसान त्यांचं.

वायनरीच्या टूरमध्ये टाक्या, पाइप, बॅरल सगळीकडं सारखेच दिसतात, त्यामुळं नुसतं ऐकत फिरण्यापेक्षा विचारा. पांढऱ्याच्या टाकीचं टेंपरेचर किती ठेवलंय, बारा-सोळाच्या आसपास सांगतील, कारण गार आंबवलं तर वास टिकतो. लालचं पंचवीसच्या पुढं का, तर सालीतून रंग काढायचाय म्हणून. लालच्या टाकीत साली वर तरंगून जाड थर होतो, त्याच्यावर खालचा रस पंप करून परत परत ओततात, पंप ओव्हर म्हणतात, दिवसातून काही वेळा होतं, ते कधी आहे विचारून त्या वेळेला थांबा, बघण्यासारखं असतं. ओकचं बॅरल २२५ लिटरचं, फ्रेंच का अमेरिकन, कितव्यांदा वापरताय, हे पण विचारा. द्राक्ष स्वतःच्या बागेचं किती आणि शेतकऱ्यांचं किती हा प्रश्न फार कोणी विचारत नाही, तुम्ही विचारा.

कारण ह्याच्या मागं आमची एक गोष्ट आहे. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, एक्साइजमध्ये सवलत, विंचूरला आणि सांगलीकडं पलूसला वाईन पार्क, आणि गावोगावी सगळे म्हणायला लागले की खायची द्राक्षं काढा, वाईनची लावा, दहा-दहा वर्षांचे करार, भाव बांधलेला. भरपूर लागवड झाली. मग २००८ ची मंदी, त्यात मुंबईवरचा हल्ला, हॉटेलं ओस पडली, वाईन पडून राहिली आणि माल उचलायला कोणी येईना. वाईनचं द्राक्ष बाजारात नेऊन विकताही येत नाही, बीवाला बारका मणी कोण घेणार? बऱ्याच जणांनी त्या दोन-तीन वर्षांत बागा उपटून टाकल्या. जे टिकले ते आज बरे आहेत. २०२२ मध्ये सुपरमार्केटात वाईन विकायचा निर्णय झाला तेव्हा केवढा गदारोळ झाला ते आठवत असेल, तो अमलात आलाच नाही, पण आमच्या वस्तीवर त्याच्यावर जी भांडणं झाली ती टीव्हीपेक्षा चांगली होती.

टेस्टिंगचं थोडक्यात सांगतो. सकाळी मिसळ खाऊन थेट टेस्टिंगला जाऊ नका. नाशिकला आल्यावर मिसळ खायचीच आहे, पण काळ्या मसाल्याच्या तर्रीनंतर जिभेला तासभर काही कळत नाही, तेव्हा टेस्टिंग आधी, मिसळ नंतर किंवा दुसऱ्या दिवशी. क्रम स्पार्कलिंग, पांढरी, रोझे, लाल, शेवटी गोड डेझर्ट वाईन. काउंटरवर थुंकायचं भांडं असतं, आपल्या लोकांना लाज वाटते, वाटू देऊ नका, सहा वाईन चाखायच्या म्हणजे सगळ्या गिळल्या तर चौथ्यापासून सगळ्याच छान लागतात. आई-बाबांना टूर, बाग, जेवण सगळं करता येतं, टेस्टिंगचे पैसे वेगळे असतील तर त्यांचे भरू नका. टबमध्ये पायानं द्राक्षं तुडवायचा जो कार्यक्रम असतो तो मजेचा आहे, काळजी करू नका, तो रस वाईनमध्ये जात नाही.

गाडी चालवणाऱ्यानं प्यायची नाही. वाईन म्हणजे ज्यूस नव्हे, बारा-चौदा टक्के अल्कोहोल असतं, कायद्याची मर्यादा शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅम, आणि गंगापूर रोडला तपासणी असते. दिवसासाठी ड्रायव्हर घ्या. वय एकवीस पूर्ण नसेल तर टेस्टिंग मिळत नाही, ओळखपत्र ठेवा. आणि ड्राय डे बघा, सीझनमध्येच २६ जानेवारी आणि ३० जानेवारी येतात, निवडणूक असेल तर तेही दिवस जातात, टूर होते पण ग्लास मिळत नाही. शिवाय २०२७ च्या सिंहस्थाची कामं चालू आहेत, शहरात रस्ते कुठं कधी खोदलेले असतील सांगता येत नाही, वेळ हाताशी ठेवा.

विकत घ्यायचं तर दुकानात न दिसणारं घ्या, छोट्या लॉटचं, वायनरीतच मिळणारं. पांढरी घेताना बाटलीवरचं वर्ष बघा, शेनिन-सोव्हिन्यो ताजीच प्यायची, दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर घेऊ नका. रिझर्व्ह शिराज किंवा काबर्ने तीन-चार वर्षं थांबते. लाल वाईन रूम टेंपरेचरला प्यायची हे युरोपच्या खोलीचं, आपल्याकडच्या मार्चमधल्या खोलीचं नाही, अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवून काढा. माझ्या जिभेला शेनिन कोथिंबीरवडीबरोबर आणि शिराज काळ्या मसाल्याच्या मटणाबरोबर जमते, बाकी ज्याची त्याची आवड. बाटल्या डिकीत उन्हात ठेवून दिवसभर फिरू नका, वाईन शिजते, शेवटच्या ठिकाणाहून निघताना घ्या आणि बिल जपून ठेवा. आणि एक, दिंडोरी-वणीवरून सप्तशृंगी करून बरेच जण पुढं सापुताऱ्याला जातात, तो गुजरात आहे, दारूबंदी आहे, नाक्यावर गाड्या तपासतात. त्या रस्त्याला जायचं असेल तर बाटल्या परतीच्या वाटेवर घ्या.